खड्डा, ठिपका आणि रेघ : जिंतूरच्या आखाड्यावर तीन रात्री

मंगळवार, १२ डिसेंबर २०२३

संभाजीनगरहून सहाला निघायचं ठरलं होतं पण गाद्या, वाकळा, दुर्बीण, थर्मास असं सगळं गाडीत कोंबता कोंबता पावणेसात झाले. गाडीत बसताना मी मुद्दाम घड्याळ बघितलं, कारण बरोबर त्याच वेळेला तिकडं तुर्कस्तान, ग्रीस, इटली, स्पेन ते थेट फ्लोरिडापर्यंतच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात लिओना नावाचा लघुग्रह काक्षी ताऱ्याच्या समोरून सरकत होता. काक्षी म्हणजे मृगातला तो लालसर, ठसठशीत तारा. एवढा मोठा तारा, पण आपल्यापासून इतका लांब की साठ-सत्तर किलोमीटरचा एक धोंडा मधे आला तर जास्तीत जास्त बारा सेकंद तो मंद होणार होता. आपण त्या पट्ट्यात नव्हतो आणि इथं उजाडलंही होतं, म्हणजे दिसायचा प्रश्नच नव्हता, तरी मी पश्चिमेकडं मान वळवून बारा आकडे मोजले. लेक शेजारी बसून माझ्याबरोबर मोजत होती.

या ट्रिपचं कारण सांगते. दरवर्षी डिसेंबरच्या मध्यात मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो, आणि दरवर्षी काहीतरी आडवं येतं, कधी चंद्र, कधी ढग, कधी तो सगळ्यात जास्त पडायचा तास भर दुपारी येतो. यंदा मात्र कार्तिकी अमावस्या १२ तारखेला आणि वर्षावाचा जोर १४ तारखेच्या मध्यरात्री, भारतीय वेळेनुसार साडेबाराच्या आसपास. म्हणजे चंद्र नाही आणि मिथुन रास डोक्यावर चढत असतानाच गर्दी. असा मेळ वारंवार बसत नाही. म्हणून नवऱ्याने तीन दिवस रजा टाकली, लेकीच्या वर्गशिक्षिकांना खरं कारण सांगून सुट्टी घेतली (त्यांनी "आल्यावर वर्गात सांग" एवढीच अट घातली) आणि आम्ही माझ्या मामाच्या आखाड्यावर निघालो, जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या अलीकडं.

पण आधी लोणार. लोणार तसं बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात, पण जालना-मंठा करून गेलं की आमच्याकडच्या माणसाला जिल्हा कधी बदलला ते कळतही नाही. मी तिथं शाळेच्या सहलीत गेले होते, तेव्हा लवणासुराची गोष्ट ऐकली, गोमुखाचं पाणी अंगावर घेतलं आणि परत आले. या वेळी काठावर उभं राहून लेकीला म्हटलं की आधी पाण्याकडं नको बघू, आधी कडा बघ, गोल बघ. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचा गोल, आणि कडेपासून तळ दीडशे मीटरच्या आसपास खाली. आपल्या पायाखालचा दगड म्हणजे बेसाल्ट, तोच काळा पाषाण जो घराच्या जोत्याला असतो, आणि या काळ्या दगडात आदळून झालेलं इतकं नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर फार दुर्मिळ आहे, चंद्रावरच्या खड्ड्यांशी तुलना करायला शास्त्रज्ञ इथं येतात ते त्यामुळंच. आधी लोक ज्वालामुखीच म्हणायचे. मग १९७३ मध्ये इथल्या दगडांत मॅस्केलिनाईट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडला, तो फक्त प्रचंड धक्क्यानं तयार होतो, ज्वालामुखीनं नाही. वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगायचे, नंतर आर्गॉनच्या पद्धतीनं मोजलं तर साधारण ५ लाख ७० हजार वर्षं निघालं.

लेकीनं विचारलं, "मग तो दगड कुठं गेला?" मला हा प्रश्न फार आवडला कारण मलाही लहानपणी हाच पडला होता आणि कुणी उत्तर दिलं नव्हतं. तो दगड राहिलाच नाही, इतक्या वेगानं आदळल्यावर तो स्वतःच बराचसा वाफ होऊन जातो आणि वितळलेल्या दगडात मिसळतो. उरला तो खड्डा. ती बराच वेळ कठड्याला धरून उभी होती. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं हेही सांगितलं, पण त्या दिवशी तिला त्याच्यात रस नव्हता, तिच्या डोक्यात दगडच होता. दैत्यसूदनाच्या देवळात दहा मिनिटं, मग जेवण, मग परत मंठ्याला येऊन जिंतूरचा रस्ता.

आखाड्यावर पोचायला पाच वाजले. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्या परभणी-हिंगोली-नांदेडकडं आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे, वावरातलं घर-गोठा-कडब्याची गंज असं सगळं मिळून जे असतं ते.) मामी चुलीपाशी होती, मामा बैल बांधत होता. "आलीस का बाई," म्हणाला, "जेवून घ्या आदी, मंग बघा काय बघायचं ते." नोव्हेंबरच्या शेवटी जो अवकाळी पाऊस झाला त्यानं त्यांचा वेचणीला आलेला कापूस भिजला, तुरीचा फुलोराही झडला. मामा ते दोन वाक्यांत सांगून मोकळा झाला आणि परत बैलाकडं वळला, मला मात्र ते रात्रभर आठवत राहिलं. उरलेल्या तुरीच्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून मामीनं परातभर समोर ठेवल्या.

रात्री आभाळ तितकं चांगलं नव्हतं. पूर्वेला पातळ ढगांचा पडदा आणि खाली धुरकट. तरी साडेनऊला मृग चांगला वर आला तेव्हा मी दुर्बीण काढली, १० बाय ५० ची, साधी. मला उल्कांच्या आधी एक लघुग्रह बघायचा होता, वेस्टा. पुढच्याच आठवड्यात, २१ तारखेला, तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणार होता, म्हणजे वर्षातला सगळ्यात तेजस्वी. तेजस्वी म्हणजे तरी प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा फिका) साडेसहाच्या आसपास, नुसत्या डोळ्यानं दिसायच्या जरा पलीकडं, पण दुर्बिणीत सहज. जागा होती मृगाच्या उत्तरेला, काक्षीपासून दीडेक मूठ डावीकडं, मिथुनेच्या पायाशी. (हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, हे माप सगळ्यांच्या जवळ असतं.) नकाशा मी स्टेलॅरियम नावाच्या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून छापून आणला होता.

आता अडचण अशी की वेस्टा ताऱ्यासारखाच दिसतो. ठिपका. ना गोल, ना शेपूट. त्या भागात तशा वीस ठिपक्यांतला तो कोणता हे एका रात्रीत नक्की सांगताच येत नाही, नकाशावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणून लेकीला कोऱ्या कागदावर दुर्बिणीत दिसतात ते सगळे ठिपके काढायला लावले, मोठे तारे मोठे, बारीक ते बारीक. तिनं अकरा ठिपके काढले, खाली तारीख आणि वेळ लिहिली. "आता उद्या यातला कोण हलतो ते बघू."

साडेदहा ते अकरा-दहा अशी चाळीस मिनिटं बाजेवर पडून उल्का मोजल्या. नऊ. ढग वाढले म्हणून झोपलो.


बुधवार, १३ डिसेंबर

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, देवदिवाळी. खंडोबाचं नवरात्र आजपासून, मामाच्या घरी घट बसतात म्हणून सकाळी गावातल्या घरी गेलो. हळद, दिवटी, मामीचा उपास, आणि वांगं चंपाषष्ठीपर्यंत बंद, सोमवारी भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावरच. आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं झालं होतं, वारं उत्तरेचं, मला तर पूजेतसुद्धा रात्रच दिसत होती.

दुपारी औंढा नागनाथ. ज्योतिर्लिंग म्हणून लोक येतात, मी दरवेळी बाहेरच्या भिंतींसाठी जाते, एकेक मूर्ती बघायला अर्धा दिवस कमी पडतो. नामदेवांना पुजाऱ्यांनी मागं बसायला सांगितलं आणि देऊळच फिरलं ही गोष्ट लेकीला मामीनं सांगितली, मामीचं माहेर नर्सीकडचं, त्यामुळं ती ही गोष्ट घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगते. याच औंढा तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेली, गुरुत्वीय लहरी टिपणारी. याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी मंजूर केले. चहाच्या टपरीवर विचारलं तर सगळ्यांना माहिती होतं. एक जण म्हणाला, "तारे बघायची मशीन बसायलीय." मी त्यांना थोडं समजावलं की यात डोळ्यानं बघायचं काही नाही, दोन कृष्णविवरं आदळली की अवकाश थरथरतं ती थरथर मोजायची. ते लक्ष देऊन ऐकत होते, मधेच चहा परत सांगितला आणि पैसे घेतले नाहीत.

रात्री नऊला परत आखाडा. आणि आता आभाळ! मी वर्षातून चार-पाच वेळा तरी शहराबाहेर जाऊन बघते, पण इथं कृत्तिकांमधे मला सात तारे सलग मोजता आले, आणि मृग-मिथुनेच्या मधून जाणारी हिवाळ्यातली फिकी आकाशगंगा, जी शहरातल्या लोकांना असते हेच माहिती नाही, ती दिसत होती. गुरू मेषेत इतका झळकत होता की त्याच्याकडं पाठ करावी लागली.

एकच त्रास. शेजारच्या आखाड्यावर नवीन एलईडी फ्लडलाईट लावलाय, बिबट्या फिरतो म्हणून, आणि तो पांढराफटक उजेड थेट आमच्या बाजांवर. पाच-सहा वर्षांपूर्वी इथं असं नव्हतं, आता प्रत्येक वावरात एक दिवा आहे आणि सगळ्यांची तोंडं वर. बिबट्याची भीती खरी आहे, माणसं रात्री पाणी द्यायला जातात, त्यांना दिवा नको असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार. पण दिव्याचं तोंड खाली केलं तर उजेड जमिनीवर जास्त पडतो, आभाळात वाया जात नाही, आणि वावरातल्या माणसाच्या डोळ्यात जात नाही हेही तितकंच खरं. मामेभाऊ जाऊन बोलला. ते भले लोक, लगेच शिडी लावून दिवा खाली वळवला, वर एक डब्याचा पत्रा वाकवून बसवला. दहा मिनिटांचं काम. परत आल्यावर मामेभाऊ म्हणाला त्यांच्या अंगणात आता आधीपेक्षा लख्ख दिसायलंय.

मग कागद काढला. लेकीनं आधीचं न बघता नवीन चित्र काढायचं असं ठरवलं होतं, तिनं ते काढलं, आणि मग लाल उजेडात (बॅटरीला लाल जिलेटिन बांधलेली, पांढरा उजेड डोळ्याची अर्ध्या तासाची कमाई एका सेकंदात घालवतो) दोन्ही कागद शेजारी ठेवले. दहा ठिपके जागच्या जागी. अकरावा वृषभाच्या बाजूला सरकलेला, थोडासाच, चंद्राचं बिंब धरलं तर त्याच्या अर्ध्याएवढा. ती काहीच बोलली नाही, परत दुर्बीण लावली, परत कागद बघितला. मग म्हणाली, "आई, हा चाललाय."

अशाच सरकण्यातून तर लघुग्रह सापडले. १ जानेवारी १८०१ ला पालेर्मोमध्ये पियाझ्झीनं ताऱ्यांची यादी करताना एक ठिपका दुसऱ्या रात्री जागेवर नाही हे बघितलं, तो सेरेस. वेस्टा चौथा, २९ मार्च १८०७ ला ओल्बर्सनं शोधला. जेमतेम सव्वापाचशे किलोमीटरचा, म्हणजे नागपूर ते संभाजीनगर रस्त्यापेक्षा थोडासाच जास्त, पण त्याचा पृष्ठभाग उजळ असल्यामुळं सगळ्या लघुग्रहांत हाच जास्त चमकतो. नासाचं डॉन यान २०११-१२ मध्ये त्याच्याभोवती वर्षभर फिरलं, त्याच्या दक्षिण टोकाला एवढा प्रचंड आघाताचा खड्डा आहे की जवळजवळ वेस्टाच्याच रुंदीचा. तिथून उडालेले तुकडे पृथ्वीवर अशनी म्हणून सापडतात आणि ते वेस्टाचेच आहेत हे दगडाच्या घडणीवरून ओळखता येतं. लेक म्हणे, "म्हणजे त्याचं पण लोणार आहे." हो, तसंच. तिनं मग विचारलं आपल्याकडच्या कुणाचं नाव दिलंय का लघुग्रहाला, तर तामिळनाडूतल्या कवलूरच्या वेधशाळेतून १९८८ मध्ये सापडलेल्या एकाला रामानुजन नाव आहे, क्रमांक ४१३०, ते तिनं कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

अकरापासून मोजणी. माझी पद्धत ठरलेली आहे, बाजेवर पाय पूर्वेकडं, नजर मिथुनेवर न ठेवता बाजूला, कारण उगमाजवळच्या (उगम म्हणजे सगळ्या उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती जागा) उल्का आखूड दिसतात आणि लांबच्या लांब. प्रत्येक उल्केची वेळ, साधारण किती तेजस्वी, आणि तिची रेघ मागं ओढली तर मिथुनेतल्या पुनर्वसूपाशी जाते का. जाते ती मिथुनेची, नाही जात ती भटकी. अकरा ते बारा सत्तावीस. सव्वाबारा ते सव्वाएक चौतीस.

बारा वाजता लाईट आली. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, त्यामुळं मामा उठला, काठी, बॅटरी, डोक्याला मफलर, आणि हरभऱ्याला पाणी द्यायला निघाला. जाताना बाजेपाशी थांबला, वर बघितलं.

"किती झाल्या?"

"सत्तावीस, मामा."

"मला तर रोजच दिसतात गं पाणी देताना. आमी म्हणतो तारा तुटला. पर कोणी लिहून ठेवतंय व्हय?"

मी म्हटलं जगभरातले लोक लिहून ठेवतात, आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेला आकडे पाठवतात, त्यावरून कळतं धुळीचा पट्टा कुठं दाट आहे. मामा "असं व्हय" म्हणाला आणि गेला. नंतर बराच वेळ त्याची बॅटरी वावरात इकडून तिकडं जाताना दिसत होती, मधे मधे विझायची. मला उगीच वाटलं की तो विझवून वर बघतोय.


गुरुवार, १४ डिसेंबर

दहापर्यंत झोपलो. दुपारी चारठाण्याला जुनी देवळं बघून आलो, खरं सांगायचं तर माझं लक्ष नव्हतं, मी सारखी पश्चिमेला ढग येतायत का बघत होते. एकही आला नाही.

संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर टेकडीच्या कडेवर बीजेची चंद्रकोर, केसाएवढी. मामीनं आणि तिच्या सुनेनं पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. तासाभरात कोरही गेली, आणि मग आभाळ आमचं.

जेवताना सगळे होते, मामा, मामी, मामेभाऊ, त्याची बायको, शेजारच्या आखाड्यावरचे दोघं (दिवा वळवणारे, ते आता स्वतः होऊन दिवा बंद करून आले होते). त्यांनी विचारलं हे नेमकं काय आहे. जे सांगितलं ते इथंही लिहिते कारण मला स्वतःला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंमुळं होतात. धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याचं बर्फ उडतं, त्याच्याबरोबर धूळ सुटते, ती त्याच्या वाटेवर पसरून राहते, आणि पृथ्वी दरवर्षी त्याच तारखेला ती वाट ओलांडते. नोव्हेंबरमधल्या सिंहेच्या उल्का तशाच, सेकंदाला एकाहत्तर किलोमीटरनं समोरून येऊन आदळणाऱ्या. पण मिथुनेच्या उल्कांचा धूमकेतू सापडतच नव्हता. १८६२ पासून हा वर्षाव लोक बघत होते, आणि तेव्हा तासाला थोड्याच पडायच्या, पुढं वाढत गेल्या. मग ऑक्टोबर १९८३ मध्ये आयरास नावाच्या उपग्रहानं काढलेल्या चित्रांत एक लघुग्रह सापडला, आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांच्या लक्षात आलं की याची कक्षा तर हुबेहूब मिथुनेच्या उल्कांची. तो ३२०० फेथॉन. पाच-सहा किलोमीटरचा खडक, दीड वर्षाच्या आत सूर्याची फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत बुधापेक्षाही आत जातो, सूर्यापासून जेमतेम दोन कोटी किलोमीटरवर. तिथं त्याचा पृष्ठभाग सातशे अंशांवर तापतो. शेपूटही दिसते त्याला, पण ती धुळीची नसून सोडियमची आहे असं याच वर्षी, २०२३ मध्ये, प्रसिद्ध झालं. मग एवढी धूळ आली कुठून? सूर्याजवळून जाणाऱ्या पार्कर यानाच्या मोजमापावरून याच वर्षी असं मांडलंय की पूर्वी कधीतरी तिथं मोठी काहीतरी मोडतोड झाली असावी, टक्कर किंवा स्फोटासारखं. म्हणजे आज जे पडणार ते खडकाचे कण. वाळू ते वाटाणा एवढे, सेकंदाला पस्तीस किलोमीटरनं, म्हणजे संभाजीनगर ते परभणी पाच-सहा सेकंदांत.

शेजारचे काका म्हणाले, "वाळूच्या खड्याचा एवढा उजेड?" हो, वेगाचा आहे तो. शंभर-ऐंशी किलोमीटर उंचीवरच संपून जातात, खाली काही येत नाही, वावरात दगड पडायची भीती नाही.

मामी एवढ्या वेळ गप्प होती. ती म्हणाली, तिच्या आईनं सांगितलं होतं तारा तुटताना बघू नये, कुणाचा तरी जीव गेलेला असतो. मी काही बोलले नाही. तिची आई गेली ती अशीच डिसेंबरातली रात्र होती, मला माहितीय. थोड्या वेळानं तीच वाकळ घेऊन माझ्या बाजेवर येऊन पडली आणि म्हणाली, "दाखव."

संध्याकाळी आठच्या सुमारास, मिथुन नुकती उगवत असताना, एक उल्का ईशान्येकडून निघून सबंध आभाळ ओलांडून दक्षिणेला गेली, सावकाश, पिवळसर, चार-पाच सेकंद तरी. उगम क्षितिजाजवळ असताना त्या हवेला घासत येतात म्हणून अशा लांब दिसतात. सगळे एकदम ओरडले. तिथून पुढं कुणी घरात गेलं नाही.

दहा ते अकरा शेहेचाळीस. सव्वाअकरा ते सव्वाबारा त्रेसष्ट. लेक माझ्या शेजारी पडून वेळ सांगायची, मी आकडा सांगायचे, मामेभाऊ लाल उजेडात वहीत रेघा ओढायचा, पाच झाल्या की आडवी. कधी दोन मिनिटं काहीच नाही, आणि मग चार सेकंदांत तीन, एक व्याधाकडं, एक कृत्तिकांच्या खालून, एक थेट सप्तर्षीकडं, तिन्हींची मागची टोकं जुळवली तर पुनर्वसूपाशी येतात. पुस्तकात हे कितीही वेळा वाचलं तरी तिथं आडवं पडून ते एका क्षणात दिसतं, की आपण उभे आहोत आणि समोरून धूळ येतेय, रात्री गाडीच्या काचेवर पाऊस एका ठिकाणाहून पसरत आल्यासारखा वाटतो ना, तसं.

बाराला लाईट आली, मामा वावरात गेला. जाताना घरात काहीतरी शोधत होता, मामीनं विचारलं काय पाहिजे तर "काई नाई" म्हणाला.

साडेबारा ते दीड. हा तो तास. मिथुन जवळजवळ डोक्यावर, आपल्या अक्षांशावर ती इतकी वर येते की उगम माथ्यापासून पंधरा अंशही लांब राहत नाही, थंड देशांतल्या लोकांना बर्फात बसूनही याहून चांगली जागा मिळत नाही. मोबाईलवर चौदा अंश तापमान होतं, वाकळ दवानं ओली, दुर्बिणीच्या काचेवर बाष्प, पण उल्कांना दुर्बीण लागतच नाही. बारा बावन्नला दक्षिणेकडं, मृगाच्या पायाच्या खाली, एक अशी फुटली की गोठ्याची सावली अंगणात पडली. खरंच सावली पडली, मी ती जमिनीवर बघितली. पांढरी, शेवटी हिरवट, आणि टोकाला दोन तुकडे. बैल उठून उभे राहिले. कुणी बोललं नाही, आणि मग लांब वावरातून मामाचा आवाज आला, "बघितली का रं!"

त्या तासात एक्क्याऐंशी. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा. तासाला दीडशे असं जे छापून येतं ते उगम बरोबर माथ्यावर आणि आभाळ अगदी काळं धरून काढलेलं असतं, त्यामुळं एका माणसाला एक्क्याऐंशी म्हणजे भरपूर झालं. पावणेदोन ते पावणेतीन सत्त्याहत्तर. चार तासांच्या मिळून दोनशे सदुसष्ट. मामी दीडच्या सुमारास झोपली, पण त्याआधी तिनं एकटीनं एकवीस मोजल्या होत्या आणि प्रत्येकीला हात जोडले होते.

मधल्या सुट्टीत लेकीनं वेस्टाचा तिसरा कागद काढला होता. तीनही एकावर एक ठेवून बॅटरीसमोर धरले, दहा ठिपके एकमेकांवर, आणि अकरावा तीन ठिकाणी, एका सरळ ओळीत.


शुक्रवार, १५ डिसेंबर

साडेसहाला उठले तेव्हा शुक्र पूर्वेला अजून दिसत होता. मामेभावानं वहीतल्या रेघा नीट उतरवून काढल्या होत्या, मी त्या अहवालासाठी पंधरा-पंधरा मिनिटांच्या गटांत मांडत बसले. अक्षांश, रेखांश, आभाळ किती स्वच्छ, मधे किती वेळ थांबलो, सगळं लिहावं लागतं.

मामा आठला वावरातून आला, पाय चिखलानं भरलेले. हात धुतले, ओट्यावर बसला, आणि शर्टाच्या खिशातून मूठ भरून तुरीचे दाणे काढून माझ्या वहीवर ओतले.

"रात्री कागुद कुठं धरू म्हणलं. एक दिसली की ह्या खिशातला एक त्या खिशात. बारा ते पाच. दंड फोडायला वाकलो तव्हाच्या सोडून."

लेकीनं ते ओळीत मांडून मोजले. अठ्ठावन्न. सत्तावन्न तुरी आणि एक हरभरा.

"आबा, हा चुकून आला का?"

"न्हाई माय," मामा म्हणाला, "ती गोठ्यावरची."